फाडफाड येतं, नीट येत नाही

आपल्याकडे इंग्रजी मोजायची एकच पट्टी: फाडफाड. ‘त्यांची मुलगी काय फाडफाड इंग्रजी बोलते!’ झालं, पास. फाडफाड म्हणजे वेग. त्या वेगात काय काय फाटत जातं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

आज मला नवशिक्यांशी बोलायचं नाही. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली क्लास आहेत, तीस दिवसांच्या हमीचे फलक आहेत. मला बोलायचंय ते ज्यांचा अख्खा दिवस इंग्रजीत जातो त्यांच्याशी. पंधरा वर्षं मेल लिहिताय. परदेशातल्या टीमशी रोज कॉलवर बोलताय. मुलाखती देऊन झाल्या, आता घेताय. सबटायटल बंद करून सिनेमा कळतो. आणि तरी तुमचं इंग्रजी दहा वर्षांपूर्वी जिथं होतं, तिथंच बसून आहे.

का? काम भागतं म्हणून.

काम भागलं की भाषा बसकण मारते. लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञानं १९७२ साली या बसण्याला नाव दिलं: फॉसिलायझेशन. जीवाश्म होणं. त्याचं म्हणणं असं, की दुसरी भाषा शिकताना प्रत्येकाची एक स्वतःची मधली भाषा तयार होते. धड मातृभाषा नाही, धड नवी नाही. ती वाढत असते तोवर ठीक. पण तिचे काही भाग एका टप्प्यावर थिजतात, आणि मग कितीही वर्षं बोला, तिथली चूक दगडासारखी जागची हलत नाही.

रिचर्ड श्मिट यानं १९८३ मध्ये अशाच एका माणसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवाईत राहणारा जपानी चित्रकार. अभ्यासात त्याचं नाव ‘वेस’ ठेवलंय. माणूस गप्पिष्ट, मित्रांचा गोतावळा मोठा, इंग्रजीत त्याचं कुठं अडत नव्हतं. तीन वर्षांत त्याचं बोलणं खूप सफाईदार झालं. व्याकरण मात्र जवळजवळ होतं तिथंच राहिलं. आपल्या ऑफिसांत असे वेस रांगेनं बसलेत. मीही त्या रांगेत होतो.

माझं सांगतो. एका कंपनीत मी परदेशातल्या टीमबरोबर काम करत होतो. मीटिंगमध्ये काही विचारायचं असलं की माझी सुरुवात ठरलेली: ‘आय हॅव अ डाउट.’ शाळेत बाई तास संपताना विचारायच्या, ‘एनी डाउट्स?’ आणि आम्ही हात वर करायचो. तेच तोंडात बसलेलं. चार वर्षांनंतर पलीकडच्या बाईंनी एकदा कॉल संपल्यावर मला थांबवून घेतलं आणि शांतपणे विचारलं, ‘माझ्या आकड्यांवर तुमचा दर वेळी अविश्वास का असतो?’

मला घाम फुटला. मराठीत आपण शंका विचारतो आणि शंका घेतो. विचारणं वेगळं, घेणं वेगळं, आणि क्रियापद ऐकल्याबरोबर समोरच्याला कळतं की हा शिकायला आलाय की भांडायला. बाहेरच्या इंग्रजीतल्या ‘डाउट’ला फक्त दुसरी शंका ठाऊक आहे, घेतलेली. चार वर्षं मी त्यांच्यावर शंका घेत होतो आणि मला वाटत होतं, विचारतोय.

त्या चुकीपेक्षा मला ती चार वर्षं जास्त लागली. एवढ्या काळात एकानंही सांगितलं नाही. सांगणार कोण? हाताखालचे लोक वरिष्ठाची भाषा दुरुस्त करत नाहीत. परदेशी सहकाऱ्याला ते उद्धटपणाचं वाटतं. घरी सगळ्यांना वाटतं, याला तर इंग्रजी येतंच. नवशिक्याला पावलोपावली कुणीतरी टोकतं. चांगलं बोलणाऱ्याला कुणी टोकत नाही, आणि म्हणून तो तिथंच राहतो. इथून पुढची दुरुस्ती स्वतःलाच करावी लागते.

‘इंग्रजी सिरीज बघा, पॉडकास्ट ऐका, आपोआप सुधारेल.’ हा सल्ला सगळे देतात. आपोआप सुधारत नाही. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत घातली गेली होती. वर्षानुवर्षं शाळेत कानावर फ्रेंच. ऐकलेलं सगळं कळायचं, अगदी फ्रेंच मुलांच्या तोडीनं. बोलायला-लिहायला लागली की व्याकरण लंगडं. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मुद्दा मांडला, की नुसतं समजणं पुरत नाही. तोंडातून, हातातून भाषा बाहेर काढावी लागते, तेव्हाच कुठं काय कमी पडतंय ते कळतं. ऐकताना आपण अर्थ उचलतो आणि पुढे जातो. ‘अ’ आणि ‘द’ तिथंच पडून राहतात.

तेव्हा आज रात्री एक काम करा. फोनवर तीन मिनिटं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. वाचून दाखवू नका, काल ऑफिसात काय झालं ते इंग्रजीत सांगा. मग वही घ्या आणि डाव्या पानावर, बोललात ते जसंच्या तसं उतरवा. ‘अं’ आलं तर ‘अं’. वाक्य अर्धं सोडलं तर अर्धं.

मला तीन मिनिटं उतरवायला पाऊण तास लागला. कारण हात लबाडी करत होता. कानाला ‘आय वर्क इन स्मॉल टीम’ ऐकू येत होतं आणि हात ‘इन अ स्मॉल टीम’ लिहून मोकळा होत होता. मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं, ‘अ’ खोडायचा. चौथ्यांदा खोडला तेव्हा लक्षात आलं: नियम मला येतो. हाताला येतो, जिभेला येत नाही. म्हणजे व्याकरणाचं आणखी एक पुस्तक आणून माझं काही होणार नव्हतं. त्या तीन मिनिटांत ‘मीन्स’ चौदा वेळा होतं, ‘बेसिकली’ नऊ वेळा, आणि अकरा ठिकाणी ‘अ’ किंवा ‘द’ गळालेला.

श्मिटनं हे स्वतःवरही करून पाहिलंय. ब्राझीलमध्ये पाच महिने राहून तो पोर्तुगीज शिकला, रोजनिशी ठेवली, स्वतःचं बोलणं टेपवर घेतलं. पुढे दोन्ही पडताळून पाहिल्यावर दिसलं, की त्याच्या बोलण्यात बहुतेक तीच रूपं उतरली होती जी आधी कधीतरी त्याच्या ध्यानात आली होती. कानावरून रोज जाणारी, पण ध्यानात न आलेली, जिभेवर आली नाहीत.

आता उजवं पान. तिथं वाक्य सुधारून लिहायचं, आणि त्याच्याखाली मराठी वाक्य लिहायचं, जे चुकीच्या मागं दडून बसलंय. ‘मराठीत विचार करू नका, इंग्रजीतच करा’ असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. चुका मराठीच्या रस्त्यानं आल्या आहेत. पकडायच्या तर तोच रस्ता माहीत हवा. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं ते एकाच पानावर दोन स्तंभांत, एक मराठी, एक इंग्रजी. दोन्ही भाषा शेजारी मांडून बघायची सवय आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

शेजारी मांडल्यावर काय दिसतं बघा.

‘आय सेंट इट टुडे ओन्ली.’ मागं उभं आहे: ‘आजच पाठवलं.’ आपला ‘च’. मराठीत जोर द्यायला एक अक्षर चिकटवलं की भागतं: आजच, तोच, इथंच. इंग्रजीकडे ‘च’ नाही. इंग्रजी तेच काम आवाजानं करतं. ‘टुडे’ हा शब्द वर उचलून म्हणायचा, बस. आपण आवाज सपाट ठेवतो आणि ‘च’च्या जागी ‘ओन्ली’ ठोकतो. ही चूक व्याकरणाची म्हणून शिकवली जाते. माझ्या मते ती सुरांची आहे. वाक्यात कुठल्या शब्दावर भार द्यायचा हे ज्याला साधलं, त्याचा ‘ओन्ली’ न शिकवता गळून पडतो.

‘मीन्स’ हा आपला ‘म्हणजे’. मराठीत ‘म्हणजे’ म्हटलं की विचार जुळवायला एक श्वास मिळतो. तो श्वास इंग्रजीतही घ्यावा लागतो, फक्त त्याचे शब्द वेगळे: ‘आय मीन’, ‘वेल’, ‘लेट मी थिंक’. नुसतं ‘मीन्स’ म्हटलं की कर्ता नसलेलं क्रियापद अधांतरी लोंबकळतं.

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ मागं: ‘पाच वर्षांपासून इथं काम करतोय.’ मराठीचा ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, सोमवारपासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. आणि मराठीचा चालू वर्तमानकाळ इथं चालत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं, कारण काल सुरू झालेलं आजपर्यंत आलंय हे इंग्रजी क्रियापदातच सांगतं.

‘इन्फर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘फीडबॅक्स’. अहो, मराठीत आपण ‘माहित्या’ म्हणतो का? ‘सामानं’ म्हणतो का? मोजता न येणाऱ्या नामाची जाण आपल्याला आहे. फक्त ती इंग्रजीत शिरताना दाराबाहेर काढून ठेवतो.

‘अ’ आणि ‘द’चं दुखणं सगळ्यांत जुनं. मराठीत उपपदं नाहीत हे खरं. पण ‘एक माणूस आला होता, तो माणूस परत येणारे’ हे वाक्य आपण रोज म्हणतो. पहिल्यांदा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘तो’. इंग्रजीचा ‘अ’ मुळात ‘वन’चाच झिजलेला तुकडा आहे, आणि ‘द’ हा ‘दॅट’च्या कुळातला. आपल्या ‘एक’ आणि ‘तो’ची ती भावंडं. फरक एवढाच, की मराठीला गरज वाटली तर ती वापरते, इंग्रजीत मोजता येणाऱ्या एकवचनी नामाआधी बहुतेक वेळा काहीतरी ठेवावंच लागतं. नाम तोंडात आलं की एकच प्रश्न: ‘कोणतं ते’ ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? नव्वदातले सत्तर घोटाळे इथंच मिटतात, हे मी माझ्या वहीवरून सांगतो.

‘डिस्कस अबाउट.’ ‘सजेस्ट मी.’ ‘एक्स्प्लेन मी.’ ‘विषयी चर्चा’, ‘मला सुचव’, ‘मला समजावून सांग.’ या चुका शब्दाचा अर्थ पाठ करून जात नाहीत, कारण अर्थ बरोबरच आहे; शब्द कुणाच्या सोबतीनं चालतो ते माहीत नाही. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज माणूस जपानमध्ये शिकवत होता. त्याला हेच दिसलं, आणि त्यानं शिकणाऱ्यांसाठी कोश रचला. क्रियापदापुढं काय येतं, काय येत नाही, नाम मोजता येतं की नाही, हे त्यात प्रत्येक शब्दाशी नोंदलेलं. १९४२ मध्ये तो टोकियोत छापला गेला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला, आणि ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून आजही निघतो. आपण कोश उघडतो तो अनोळखी शब्दासाठी. या टप्प्यावर कोश उघडायचा तो ओळखीच्या शब्दासाठी. ‘डिस्कस’ उघडा. ‘सजेस्ट’ उघडा. ‘डाउट’ तर उघडाच.

सगळंच बदलायचं नाही, हेही ठासून सांगतो. ‘प्रीपोन’ हा इथला शब्द आहे, चोख आहे, ऑक्सफर्डच्या कोशातही गेलाय. तो वापरताना लाजू नका. ‘आय पास्ड आउट इन २००९’ मात्र बाहेरच्या माणसाला सांगू नका. त्याला वाटेल, तुम्ही चक्कर येऊन पडलात. ऐकणारा अडला की ती चूक, न अडता पुढे गेला तर ती आपली ढब.

उच्चारांबद्दल तर मला राग येतो. अमेरिकन ‘र’ वळवायचे वर्ग लावून लोक पैसे घालवतात. जोसेफ कॉनराड पोलिश होता, इंग्रजी त्याला विशीत, जहाजावरच्या नोकरीत आलं. १८९५ मध्ये पहिली कादंबरी, आणि पुढे इंग्रजी गद्याच्या थोर लेखकांत नाव. बोलण्यातला पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही. हेल राहू द्या. तीन गोष्टी तेवढ्या दुरुस्त करा, कारण त्यांनी शब्द ओळखूच येत नाहीत.

एक, श्वास. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे ‘प’, ‘ट’, ‘क’ हवेचा झोत सोडतात. आपण सोडत नाही, कारण आपल्याकडे तो झोत ‘फ’, ‘ठ’, ‘ख’साठी राखून ठेवलाय. मग आपला ‘पॅक’ त्यांना ‘बॅक’ ऐकू येतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा आणि ‘पेन’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. जुनी माणसं ओठ मिटून ‘फणस’ म्हणतात, तसा त्या ‘प’मध्ये जरासा ‘फ’ येऊ द्या.

दोन, ‘व’. मराठी ‘व’ त्यांच्या दोन उच्चारांच्या मधोमध पडतो. ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ‘वॉटर’ला दात लांब, ओठांचा चंबू. त्यात आपलं लेखन घोळ वाढवतं. ‘व्हॅन’ही ‘व्ह’नं आणि ‘व्हॉट्सॲप’ही ‘व्ह’नंच, जिथं दातांचं काही काम नाही.

तीन, आघात. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं शब्द बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘डेव्हलप’चा जोर ‘व्हे’वर, आपण ‘डे’वर आदळतो. ‘फोटोग्राफ’चा ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’ म्हणताच तो ‘टॉ’वर सरकतो. नवा शब्द शिकताना अर्थाआधी जोर लिहून ठेवा.

आणि ओघासाठी एक कसरत, न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी लोकप्रिय केलेली. एकच गोष्ट चार मिनिटांत सांगायची, मग तीच तीन मिनिटांत, मग दोन. शब्द आधीच सापडलेले असतात, त्यामुळं तिसऱ्या फेरीला अडखळणं बरंच कमी होतं. वेग हवाच असेल तर असा कमवा. मी रोज सकाळी गच्चीत फिरताना करतो.

पण वहीतल्या सगळ्या चुकांवर एकदम तुटून पडू नका. जीभ घाबरते, मग बोलणंच बंद होतं. माझ्या वहीत एका आठवड्याला एक चूक असते, पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात. बाकीच्या त्या आठवड्यापुरत्या माफ. ‘सिन्स’ला तीन आठवडे लागले. ‘ओन्ली’ला दोन. ‘द’ अजून चालू आहे, त्याला वर्ष लागलं तरी मला चालेल.

या आठवड्याच्या पानावर लिहिलंय: ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नाही. काल दुपारच्या कॉलमध्ये दोनदा निसटला. तिसऱ्यांदा जिभेच्या टोकावर आला, आणि मी थांबलो. अर्धा सेकंद शांतता झाली असेल. मग ‘लेट्स डिस्कस द बजेट’ म्हणालो, आणि टेबलाखाली वहीत एक टिंब दिलं.